शाळा सोडलेल्या पोरांसाठी ‘वेगळी शाळा’ काढायचा प्रस्ताव आलाय, तपासायचा कसा?

चोपड्याचा_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचं चोपडा तालुक्यात एक छोटं ट्रस्ट आहे, आजोबांच्या काळातलं. मी त्याचा सेक्रेटरी, म्हणजे काय तर बँकेत सह्या करणारा आणि दरवर्षी धर्मादायच्या ऑफिसला हिशेब पोचवणारा माणूस. ट्रस्टचं एक जुनं वसतिगृह आहे, सहा खोल्या, मागे विहीर. आठ-नऊ वर्षं झाली बंद आहे, दोन खोल्यांत शेजारच्याचा कडबा आहे आणि तो काढ म्हणायला गेलं की त्याला लगेच आमच्या आजोबांची आठवण येते.

तर मागच्या महिन्यात तीन तरुण आले, दोघं आपल्याच भागातले, एक मुलगी पुण्याकडची. अडतीस पानी प्रपोजल, स्पायरल बाइंडिंग, रंगीत. म्हणणं असं की १२ ते १७ वयाची जी पोरं शाळेतून गळाली, केळीच्या गाड्या भरतात, ऊसतोडीला जातात, काही गुटखा-व्हाइटनरच्या नादी लागली, दोन-तीन जणांवर मोबाइल चोरीच्या केसेस आहेत, अशा साठ पोरांसाठी निवासी शाळा काढायची, ‘चार्टर स्कूल’च्या धर्तीवर. त्यांना वसतिगृह ९ वर्षांच्या करारावर पाहिजे आणि पहिल्या वर्षी ट्रस्टकडून काही रक्कम. दुपारनंतर पोरं केळीच्या वेफर्सच्या युनिटमध्ये काम शिकणार आणि त्यातून शाळेचा थोडा खर्च निघणार, असंही लिहिलंय.

पोरं मनाने चांगली वाटली हो, त्यात वाद नाही. पण आमच्या तीन जणांच्या कमिटीत एक जण म्हणतो आजच चावी देऊन टाका, दुसरे नाना म्हणतात गावात चोर आणून बसवू नका, आणि मी मधे. असा प्रस्ताव वाचायचा कसा, विचारायचं काय, कुणी केलंय का असं काम? आणि हे चार्टर म्हणजे नक्की काय, आपल्याकडे असतं का तसं? महिनाअखेर मीटिंग आहे.

निवृत्त_केंद्रप्रमुख

सेक्रेटरीसाहेब, मी शहादा-तळोदा पट्ट्यात बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे तुमच्या अडतीस पानांत सगळ्यात आधी काय बघायचं ते सांगतो. व्हिजन-मिशन सोडून द्या, ते सगळ्यांचं सारखंच असतं. शाळेचं वर्षाचं कॅलेंडर कुठं दिलंय ते पान काढा. मी पैज लावतो, जून ते एप्रिल लिहिलं असणार.

आता आपल्याकडचं खरं कॅलेंडर बघा. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन जातो, दिवाळी झाली की बारडोलीकडच्या कारखान्यांना गाड्या भरतात, नवरा-बायको मिळून एक कोयता आणि मागे सगळी पोरं, तेरा-चौदाचा पोरगा असेल तर तो अर्धा कोयता नाहीतर धाकट्या भावंडाला सांभाळायला. परत येतात होळीला. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला आमच्याकडे जी गर्दी उसळते ना, त्यात निम्मी माझी शाळा मला भेटायची, नवे कपडे घालून, गॉगल लावून, आणि मास्तर दिसले की दुकानामागे लपायची. म्हणजे ज्या पोरांसाठी शाळा काढायची ती पोरं नोव्हेंबर ते मार्च गावातच नाहीत. आणि दहावी बोर्डाची परीक्षा कधी? फेब्रुवारी-मार्चमध्ये. समजलं ना मी काय सांगू राहिलो ते.

म्हणून त्यांना एकच काम द्या. साठ पोरं नको, दहा पोरांची नावं घ्या आणि प्रत्येकापुढे बारा महिन्यांचे बारा चौकोन, त्या महिन्यात पोरगा कुठं असतो ते भरून आणा म्हणावं. ज्याला हे भरता आलं तो पोरांच्या घरी जाऊन आलेला आहे. नाही आलं तर मग प्रपोजल ऑफिसात बसून लिहिलंय.

दुसरं, शेवटी पोराच्या हातात कागद कोणता पडणार? हे फार गुळमुळीत लिहिलेलं असतं. शिक्षण हक्क कायदा (२००९) कलम १८ प्रमाणे मान्यता नसलेली शाळा चालवता येत नाही, एक लाखापर्यंत दंड आणि वर दिवसाला दहा हजार. म्हणून १४ च्या आतलं पोरगं असेल तर त्याचं नाव जवळच्या जिल्हा परिषद शाळेत किंवा मान्य शाळेत वयाप्रमाणे वर्गात टाकायचं, कलम ४ त्यासाठीच आहे, त्यात मागे पडलेल्याला विशेष प्रशिक्षणही द्यायचं असतं आणि ते काम ह्या तिघांनी मनापासून करावं. आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल तर कलम ५ दाखवा, दाखला उशिरा आला हे प्रवेश नाकारायचं कारण होऊ शकत नाही.

१४ च्या वर असेल तर दोन रस्ते. एक १७ नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बोर्डाची दहावी, त्याला दाखला लागतो, आपल्याकडचा कारभार नाशिक विभागीय मंडळाकडे. दुसरा एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. मला दुसरा जास्त पटतो, कारण तिथं वर्षात दोन परीक्षा होतात, त्यातली एक ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे गाडी भरायच्या आधी. पाच विषय, पाच वर्षं नोंदणी चालते, नऊ वेळा बसता येतं, पास झालेला विषय परत द्यावा लागत नाही. ऊसतोडीच्या पोरासाठी कुणी मुद्दाम बसून नियम केले असते तरी ह्यापेक्षा बरे झाले नसते. प्रपोजलमध्ये एनआयओएस हा शब्द आहे का बघा बरं.

आणि एक कबुली. हजेरीपटावर दिवाळीनंतर मी स्वतः ‘ह’ मारलेत, पोरगा गुजरातमध्ये ऊस सोलतोय हे माहीत असून. पट टिकवायचा होता, शिक्षक कमी होईल अशी भीती होती. त्यामुळे कुणी ९५ टक्के हजेरीचा आकडा दाखवला की मला हसू येतं.

धुळ्याचा_परदेशी

मूळ धुळ्याचा, सध्या अमेरिकेत मिनेसोटात आहे, चार्टरचा उगम इथलाच म्हणून लिहितो. १९९१ साली ह्याच राज्याने पहिला चार्टर कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल गावात सिटी अकॅडमी नावाची देशातली पहिली चार्टर शाळा उघडली. आणि मजा म्हणजे ती हुशार पोरांसाठी नव्हती, शाळा सोडलेल्या पोरांसाठीच होती. म्हणजे तुमच्या त्या तिघांनी शब्द उगाच नाही उचललेला.

पण चार्टर म्हणजे करार हो दादा. पैसा सरकारचा, फी नाही, कारभार स्वतंत्र मंडळाचा, आणि मधे एक ‘ऑथरायझर’ असतो, म्हणजे जो करार करून देतो आणि नजर ठेवतो. करार ठराविक वर्षांचा, सहसा तीन-पाच वर्षांचा, त्यात आधीच लिहिलेलं असतं की अमुक झालं नाही तर करार वाढणार नाही. शाळा बंदही होतात, दरवर्षी होतात. आपल्याकडे असा कायदाच नाही. महाराष्ट्रात २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आहे, नावातच आलं, पैसे स्वतःचे आणा. त्यामुळे प्रपोजलमध्ये कुठं ‘तिसऱ्या वर्षापासून शासकीय अनुदान’ असं लिहिलं असेल तर तिथं लाल पेनाने गोल करा.

मग तुमच्या बाबतीत ऑथरायझर कोण? तुम्हीच की. तुमची कमिटी. म्हणून इथल्यातली उपयोगाची गोष्ट एवढीच घ्या की देतानाच लिहून ठेवायचं कशावरून ठरवणार. आणि इथं ह्याच्यावर बरीच भांडणं झाली आहेत, की अशा पोरांच्या शाळेला साध्या शाळेची फूटपट्टी लावायची का. नुसत्या मार्कांवर मोजलं तर ती शाळा पहिल्याच वर्षी नापास, आणि काहीच मोजलं नाही तर कुणीही बोर्ड लावून बसेल. टेक्सासमध्ये अशा शाळांना वेगळे निकष आहेत. तुम्ही काय मोजाल ते तुम्ही ठरवा, मी असतो तर पोरगा सोडून गेल्यावर परत किती जण आले ते मोजलं असतं, ज्यांना आणायला गेले आणि आले नाहीत त्यांच्यासकट.

(इकडे उणे वीस आहे, आणि मला कळण्याची भाकरी आणि भरीत दिसू राहिलं स्वप्नात. असो.)

नाना_म्हणतात_तेच

तुमच्या कमिटीतल्या नानांचं बरोबर आहे. चोरीच्या केसवाले पोरं गावात आणून ठेवायचे आणि मग आमच्या मोटारींच्या केबली गेल्या की सापडायचे कुठं. आधीच विहिरीवरची केबल दोनदा गेली.

सातपुडा_ताई

केबल मागच्या वर्षी आमचीही गेली, नेणारा चाळीस वर्षांचा होता आणि दहावी पास होता.

ते पोरं गावातच आहेत हो भाऊ, आणायचे कुठून? रात्री पानटपरीमागे बसलेले असतात ते कोण आहेत मग.

आणि सेक्रेटरी दादा, वेगळ्या शाळेसाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. धडगाव-अक्कलकुव्यात नर्मदाकाठी जीवनशाळा चालू आहेत, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लोकांनी सुरू केल्या, धरणात गावं बुडत होती त्या काळात. ‘लडाई पढाई साथ साथ’. तिथं मास्तर पावरी-भिलोरीत बोलतो, गावातलाच असतो. तुमच्या प्रपोजलमध्ये शिक्षक कुठले आहेत ते बघा. डोंगरातल्या पोराला पहिल्या दिवशी त्याच्या बोलीत कुणी ‘जेवला का’ विचारलं नाही तर बाकी गणित-विज्ञान पुढची गोष्ट.

अजून एक, मुली कुठं आहेत? साठच्या साठ पोरंच? चौदा-पंधराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या मुली कुणाच्या यादीत नाहीत, कारण त्या केबल चोरत नाहीत.

खातेवही

मी ट्रस्टचे ऑडिट बघतो, जळगावला. मुद्द्याचं लिहितो, मधे कुणाचं मन दुखलं तर सॉरी.

९ वर्षांचा करार देऊच नका. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६, इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी पाहिजे, नाहीतर करारच कायदेशीर नाही. तीन वर्षांच्या आत ठेवा.

निवासी हा शब्द दिसला की थांबा. कामावर सापडलेली, केस असलेली पोरं ठेवायची म्हणजे किशोर न्याय कायदा २०१५, कलम ४१ ची नोंदणी. अनुदान घेत नाही म्हणून सुटका नाही. नोंदणी नसताना चालवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही, आणि इमारत ट्रस्टची म्हटल्यावर पोलीस आधी कुणाच्या दारात येतील? आधी दिवसाची शाळा चालवू द्या, जेवण द्या, संध्याकाळी घरी.

वेफर्सचं युनिट. १४ च्या आतल्या पोराला कामाला लावताच येत नाही, बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर कुठल्याच धंद्यात नाही, घरच्या कामात शाळेनंतर मदत तेवढी चालते. तुम्ही १२ वर्षांच्या पोराला उकळत्या तेलाच्या कढईपुढे उभं करून त्यातून शाळेचा खर्च काढणार म्हणता आणि प्रपोजलचं नाव बालकामगार मुक्ती वगैरे असणार, खरं की नाही? ते पान फाडून टाका. १४ च्या वरच्यांना शिकू द्या, पण उत्पन्न त्याच्यावर धरू नका.

बजेटमध्ये बघायची एकच ओळ, पगार. मी असे बरेच प्रस्ताव पाहिलेत, त्यात रंग, बाकं, टॅब, प्रोजेक्टर, उद्घाटनाचा मंडप असतो आणि शिक्षकाचा पगार असा की तो दिवाळीपर्यंत टिकेल आणि मग जिल्हा परिषदेची जाहिरात निघाली की जाईल. पोरगा ज्या माणसासाठी येतो तो माणूसच निघून गेला तर टॅब काय करणार. पगार बजेटच्या निम्म्याहून कमी असेल तर परत लिहून मागा. आणि घरी जाऊन यायचा पेट्रोलचा खर्च लिहिलाय का? नसेल तर कुणी जाणार नाहीये.

शेवटचं, परिशिष्टात पोरांचे फोटो आहेत का?

चोपड्याचा_सेक्रेटरी

@खातेवही तुम्हाला कसं कळलं? आहेत ना. शेवटची चार पानं. फोटो, नाव, गाव आणि खाली ‘चोरीच्या गुन्ह्यातील बालक’ असं.

खातेवही

सगळ्यांत असतात, पैसे देणाऱ्याचं मन द्रवायला. किशोर न्याय कायद्याचंच कलम ७४, अशा पोराची ओळख उघड करता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, दोन्हीही होऊ शकतं. तुमच्याकडच्या प्रती गोळा करा आणि ती पानं नष्ट करा. व्हॉट्सअ‍ॅपवर कमिटीच्या ग्रुपमध्ये टाकली असतील तर आत्ता उठून डिलीट करा.

लोडिंगवाला_सावदा

मी वाचू राहिलो सगळं, लिहू का नको असं चाललं होतं.

मी सातवीतून सोडली. लोकं म्हणतात शिक्षणाची आवड नव्हती. आवड होती भो, मला भूगोल आवडायचा. झालं असं, बाप आजारी पडला म्हणून सुट्टीत केळीच्या गाडीवर जायला लागलो, घड खांद्यावर घ्यायचा, खाली कापड टाकलं तरी चीक झिरपतो. ज्याला माहीत नाही त्याला सांगतो, केळीचा चीक कपड्याला लागला ना की आधी दिसत नाही, पाण्यासारखा असतो, वाळला की काळा-चॉकलेटी होतो आणि मग दगडावर घासा का रॉकेल लावा, निघत नाही. माझा शाळेचा पांढरा शर्ट एकच होता. तो घालूनच एकदा गेलो गाडीवर, कारण दुसरा वाळत होता. सोमवारी प्रार्थनेला सरांनी बाहेर काढलं, घाण शर्ट घालून आला म्हणून, सगळ्यांसमोर. मंगळवारी परत तोच शर्ट, परत बाहेर. बुधवारी मी सरळ गाडीवरच गेलो. तिथं शर्टाबद्दल कुणी बोलत नाही आणि संध्याकाळी रोख पैसे.

शाळेतून कुणी आलं नाही घरी. मी वाट बघितली होती, खरं सांगतो, आठ-दहा दिवस. आई म्हणायची सर येतील. पंधरवड्याने मीच वाट पाहणं सोडलं.

तर तुमच्या प्रपोजलमध्ये युनिफॉर्म आहे का बघा. आणि पोरगा तीन दिवस आला नाही तर चौथ्या दिवशी कोण जाणार, त्याचं नाव काय, त्याच्याकडे गाडी आहे का. हे लिहिलं असेल तर द्या चावी. वेळ पण बघा, गाड्या पहाटे भरतात, दहा-अकराला मोकळं होतं पोरगं, मग झोपतं. दहाची शाळा ठेवली तर येणार नाही, दुपारी दोनची ठेवली तर मी आलो असतो.

आता माझी स्वतःची छोटा हत्ती आहे, चांगलं चाललंय. मुलगी तिसरीत आहे.

निवृत्त_केंद्रप्रमुख

लोडिंगवाले भाऊ, त्या सरांच्या जागी मी नव्हतो, पण असू शकलो असतो. दहावी करायची असेल तर अजून करता येते, वयाची वरची मर्यादा नाही. फॉर्म मी भरून देईन, भूगोल नसला तरी सामाजिक शास्त्र आहे त्यात.

लोडिंगवाला_सावदा

बघू सर. आधी केळीचा सीझन होऊ द्या.

चोपड्याचा_सेक्रेटरी

मंडळी, मीटिंग झाली परवा, सांगतो.

आधी त्या फोटोंच्या पानांचा निकाल लावला. मग तुमचे प्रश्न एका कागदावर उतरवून तिघांना चार दिवस आधी पाठवले होते, बारा चौकोनांसकट. साठ पोरांचं सोडा, दहा मागितली होती, त्यांनी सतरा भरून आणली. त्यातला एक मुलगा, यावलकडचा आहे, शाळेच्या शंभर पानी वहीत लिहून आणलं होतं त्याने, टाइप केलेलं नाही. एका नावापुढे लिहिलेलं होतं ‘जाने. ते होळी - नवसारीकडे, मामाबरोबर, फोन मामाचा, रात्री आठनंतर उचलतो’. नानांनी ते वाचलं आणि चष्मा काढून पुसला, बोलले काही नाही. दोन नावांपुढे चौकोन रिकामे होते, विचारलं तर म्हणाला, तीनदा गेलो, घराला कुलूप आहे, शेजारी सांगत नाहीत. मला तरी ते रिकामे चौकोनच जास्त पटले.

वेफर्सच्या युनिटवर मात्र खडाजंगी झाली. पुण्याची मुलगी म्हणाली पोरांना दिवसाची कमाई बुडते, ती कुठून भरायची ते तुम्ही सांगा, नुसतं पान फाडून काय होणार. बरोबर आहे तिचं, आणि आमच्याकडे उत्तर नाही. सध्या वेळ दुपारी दोन ते सहा ठरली, सकाळची मजुरी ज्यांची आहे ती राहू द्या म्हणून. पण त्यातही १३ वर्षांची चार पोरं आहेत, ती सकाळी गाडीवर गेलेलीच चालणार नाहीत, त्यांची नावं जि. प. शाळेत घालायला केंद्रप्रमुख साहेब स्वतः येतो म्हणालेत. साहेब, विसरू नका.

ठरलं ते असं. निवासी नाही. दोन खोल्या, अकरा महिन्यांचं करारपत्र, युनिफॉर्म नाही. पैसे फक्त दोन शिक्षकांच्या पगाराचे आणि पेट्रोलचे, त्यातला एक शिक्षक पावरी बोलणारा पाहिजे. मुलींचा विषय निघाला तेव्हा तिघंही एकमेकांकडे बघायला लागले, ताई, ते पान त्यांच्याकडे नव्हतंच. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, लिहून आणतो म्हणालेत. नानांनी एकच अट घातली की विहिरीला आधी जाळी बसवा, आणि जाळीचे पैसे त्यांनी स्वतः दिले.

आता दोन कामं राहिली आहेत, कुणाला माहीत असेल तर सांगा. चोपडा-यावल भागात एनआयओएसचं जवळचं केंद्र कुठलं पडेल, आणि त्या शेजाऱ्याला कडबा काढायला कसा लावायचा. आजोबांचं नाव घेऊन झालं, उपयोग नाही.